हवेचा हिशेब

बाजारातून आणलेला नवा इनटेक बसवला की पहिला आठवडा आवाजाच्या कौतुकात जातो. ॲक्सिलरेटर दाबला की बोनेटखालून घोगरा सुस्कारा येतो आणि मालकाला वाटतं, गाडी पळायला लागली. पुढे सिग्नलला उभी असताना टॅकोमीटरचा काटा वरखाली व्हायला लागतो. पिकअप घेताना मध्येच एक खड्डा जाणवतो. मग एका सकाळी डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि विझत नाही.

खालचा संवाद रचलेला आहे. त्यातले मामा आणि भाचा दोघेही कल्पित, गाडीची तक्रार मात्र कुठल्याही गॅरेजात भेटेल अशी. मामांचं गॅरेज मी मुद्दाम भिसेगावात थाटलं आहे, कर्जत स्टेशनला लागून. गाडीच्या श्वासाची परीक्षा घेणाऱ्या सगळ्या गोष्टी इथे जवळजवळ आहेत: चाळिशी ओलांडणारा मे, वीटभट्ट्यांची आणि फार्महाऊसांकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांची धूळ, खोपोलीपुढचा बोरघाट आणि जूननंतर उल्हासचं पाणी. भाचा डोंबिवलीला राहतो, इंजिनिअर आहे. गाडी सेकंड-हँड पेट्रोल सेडान. नवा इनटेक म्हणजे जाड ॲल्युमिनियमचा पाइप आणि टोकाला तेल लावलेल्या सुती जाळीचा शंकूसारखा फिल्टर. कंपनीचा काळा प्लास्टिकचा एअर बॉक्स डोंबिवलीच्या घरी माळ्यावर. दिवस मे महिन्याच्या शेवटचे.

मामा : आधी सांग, हे बसवण्यापूर्वी गाडीला काही त्रास होता?

भाचा : काहीच नाही. स्लो एकदम स्थिर होता.

मामा : मग विषय संपला. जे शेवटचं बदललं ते आधी परत लावायचं. जुना डबा आण, लाव, दोन दिवस चालव. दिवा गेला तर दोष पाइपाचा.

भाचा : डबा डोंबिवलीला आहे. पण इथे असता तरी मी आधी तो लावू दिला नसता.

मामा : का? लाज वाटते?

भाचा : नाही हो. डबा लावला आणि गाडी सुधारली, तर कळलं काय? इनटेक वाईट आहे, की चांगला इनटेक वाईट बसवलाय? दोन्ही वेळेला गाडी सुधारलेलीच दिसणार. पाचशे रुपयांच्या चुकीसाठी मी पंधरा हजारांची वस्तू काढून टाकायची का?

मामा : गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असतो, गाडी नीट झाली का.

भाचा : मी गिऱ्हाईक नाही, भाचा आहे.

इथे माझा कल भाच्याकडे आहे. पूर्वीची वस्तू परत लावून पाहणं ही चाचणी उत्तम, पण दोष कोणत्या बाजूला आहे एवढंच ती सांगते, दोष कुठला ते सांगत नाही. शिवाय डबा काढ-घाल करताना चार क्लॅम्प नव्याने आवळले जातात, दोन पाइप नव्याने बसतात, आणि मूळ चूक जाता जाता आपोआप सुधारली तर ती कधीच सापडत नाही. मामांना हे कळत नाही असं नाही. पण त्यांच्या दारात सकाळी सहा गाड्या उभ्या असतात.

भाच्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये आपला छोटा स्कॅनर खोचला.

भाचा : कोड पी 0171. मिश्रण पातळ. हवा जास्त, पेट्रोल कमी.

मामा : हा कोड घेऊन आलेल्या किती गाड्यांचा ऑक्सिजन सेन्सर बदलून झालाय ते विचार. तो सेन्सर बिचारा बरोबर सांगत असतो. पेट्रोल कमी पडतंय एवढंच तो म्हणतो. पंप मंदावला तरी हाच कोड, इंजेक्टर तुंबला तरी हाच.

भाचा : म्हणून कोडच्या पुढचे आकडे बघायचे. आणि कोड आताच पुसायचा नाही. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती फेऱ्यांवर होतं, ते त्याच्याबरोबर साठवलेलं असतं. पुसला की तेही गेलं.

मामा : बॅटरीची तार काढली तरी जातं. लोक घरून तेवढंच करून येतात आणि म्हणतात, आता दिवा नाहीये, पण गाडी मिसिंग मारते.

पुढचं समजायला इंजिन हवा कशी मोजतं ते माहीत हवं. पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला 14.7 भाग हवा लागते. हवा किती आली ते कळल्याशिवाय पेट्रोल किती सोडायचं ते ठरत नाही. मोजायच्या दोन तऱ्हा आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान घेऊन संगणक हवेचा अंदाज बांधतो. दुसऱ्या तऱ्हेत फिल्टरनंतरच्या पाइपात एक तापवलेली बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. वाहती हवा तिला थंड करते, आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागली यावरून हवेचं वजन निघतं. भाच्याची गाडी दुसऱ्या जातीची. तिच्यात हवा येताना मोजली जाते, म्हणून मोजणाऱ्या तारेला चुकवून आत शिरलेली प्रत्येक चिमूट हिशेबाबाहेर राहते. सायलेन्सरकडच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर शेवटी ते पकडतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. ही वाढ-घट टक्क्यांत दिसते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. निरोगी गाडीत ती शून्याच्या आसपास, फार तर पाच-सात टक्के इकडेतिकडे असते. पंचविशीच्या आसपास गेली की बहुतेक गाड्या हात टेकून दिवा लावतात.

भाचा : हे बघा. उभ्या गाडीत ट्रिम अधिक 27. आता अडीच हजार फेऱ्यांवर धरतो. अधिक 12. फेऱ्या वाढल्या की आजार कमी होतोय.

मामा : म्हणजे पंप नाही.

भाचा : कसं?

मामा : पंप थकलेला असता तर उलटं झालं असतं. उभ्या गाडीत निभावून नेलं असतं आणि चढावर रडला असता. हे हवा घेतंय कुठेतरी. तारेच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला.

भाचा : गणितही तेच सांगतं. एवढ्या इंजिनाला उभ्या गाडीत सेकंदाला अडीच ग्रॅम हवा पुरते. त्यात चोरून अर्धा ग्रॅम शिरली तर ती वीस टक्के झाली. अडीच हजार फेऱ्यांवर आठ-नऊ ग्रॅम लागते, तिथे तीच अर्धा ग्रॅम पाच-सहा टक्के. घाटात दाबून चालवताना ऐंशी ग्रॅमला ती कुणाला कळणारही नाही.

मला या संवादातली ही जागा सर्वांत आवडते. स्कॅनरचे आकडे भाच्याचे, पण त्यांतून पंपाला निर्दोष सोडलं मामांनी. एकट्या स्कॅनरवर विसंबलेला माणूस आकडा वाचून थांबतो. एकट्या कानावर विसंबलेला माणूस सगळ्याच हिसक्यांना एक नाव देतो.

आता गळती शोधायची. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं इथे फारसं कामाचं नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत ओढली जाते. कार्ब क्लीनरचा फवारा सांध्यांवर मारून फेऱ्या बदलतात का ते काही जण बघतात. चालत्या गरम इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारणं म्हणजे आगीशी खेळ, मामा ते करू देत नाहीत. धूर सोडून बघायचं यंत्र मोठ्या वर्कशॉपांत असतं. मामांनी नुसती नजर फिरवली आणि टॅपेट कव्हरवर थांबले. तिथे लाल रंगाचा, लिंबाएवढा, क्रोमच्या पट्टीचा छोटा फिल्टर डौलात बसला होता.

मामा : हे काय?

भाचा : ब्रीदर फिल्टर. किटबरोबर फुकट दिला दुकानदाराने. पूर्वी इथून एक रबरी पाइप एअर बॉक्सच्या नळीला जायचा.

मामा : आणि आता?

भाचा : आता... थांबा. थांबा थांबा.

मामांनी तो फिल्टर उपसून त्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. काटा दोनदा हलला आणि आठशेवर स्थिर झाला. स्कॅनरवरचा आकडा उतरत उतरत आठवर आला. अंगठा काढला, काटा पुन्हा नाचायला लागला.

असं काही सेकंदच करायचं असतं, कारण ते तोंड बंद ठेवून इंजिन चालवत राहिलं तर आत नको तेवढी ओढ तयार होते. पण निदानाला तेवढं पुरलं. पिस्टनच्या कडेने थोडा जळका वायू खाली तेलाच्या खणात उतरतच असतो. तो बाहेर सोडायचा नाही, म्हणून एका झडपेतून मॅनिफोल्डमध्ये ओढून पुन्हा जाळतात. त्याच्या जागी ताजी हवा लागते. कंपनी ती हवा मोजणाऱ्या तारेच्या पुढच्या नळीतून देते, म्हणजे तीही हिशेबात आलेली असते. लाल फिल्टर बसवल्यावर ही हवा थेट बाहेरून येऊ लागली. ओढ सर्वांत जास्त उभ्या गाडीत असते, म्हणून आजारही तिथेच जास्त.

भाचा : बघा मामा, इनटेकचा दोष नव्हता. त्या फुकटच्या फिल्टरचा होता. नव्या पाइपाला ब्रीदरसाठी तोटी आहे, तिच्यावर दुकानदाराने रबरी टोपी घालून ठेवलीय. तेल सोसणाऱ्या रबराचा तुकडा आणला की झालं. डबा लावला असता तर जुना ब्रीदर पाइपही लागला असता, गाडी सुधारली असती, आणि तुम्ही जन्मभर इनटेकला शिव्या दिल्या असत्या.

मामा : अजूनही देणार आहे. अंगठा दाबल्यावर आठवर आला, शून्यावर नाही. तो आठ कुणाचा?

भाचा गप्प. त्याने ब्रीदरचा पाइप जोडला, क्लॅम्प आवळले आणि दोघे पळसदरीपर्यंत जाऊन आले. उभ्या गाडीत सात-आठ, चालत्या गाडीत सात-आठ, चढावर सात-आठ. सगळीकडे सारखाच.

मामा : सगळीकडे सारखा असला तर गळती नाही. मोजमापच चुकतंय. तार पूर्वी कुठल्या नळीत होती?

भाचा : प्लास्टिकच्या. ती खोचायला या पाइपात भोक दिलंय.

मामांनी व्हर्निअर आणला. नव्या पाइपाचा आतला व्यास 62 मिलिमीटर.

भाचा : जुनी नळी 60 ची असेल तर क्षेत्रफळ जवळपास सात टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा रुंद पाइपातून सात टक्के हळू जाते. तारेला वाटतं, हवा कमी आलीय.

मामा : दोन मिलिमीटरने एवढं?

भाचा : 70 चा पाइप असता तर संगणकाने पावभर हवा मोजलीच नसती. म्हणून चांगले किटवाले तारेपुरता व्यास मूळचाच ठेवतात.

मामा : आणि वळण? कंपनीच्या नळीत तारेच्या आधी जाळी होती ना? ती हवा सरळ करायला असते. तुझ्या पाइपात तार वळणाच्या तोंडाशी बसलीय. तिथे हवा भोवऱ्यासारखी फिरत असणार.

भाचा : असेल. पण सात-आठ टक्के संगणक सांभाळून घेतो.

मामा : पाय हलका असेपर्यंत. पूर्ण दाबलास की ऑक्सिजन सेन्सरचं तो त्या घडीला ऐकत नाही, जुन्या शिकवणीवर पेट्रोल सोडतो. ती शिकवण अपुरी पडली तर भर चढावर मिश्रण पातळ, इंजिन ठोके देणार. बोरघाटात, ओव्हरटेक करताना.

ठोक्यांची भीती मामांनी थोडी फुगवून सांगितली. नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो आणि तो ठिणगी मागे घेतो. पण ठिणगी मागे गेली की ताकदही मागे जाते, आणि ताकदीसाठीच तर इनटेक बसवला होता. ती किती वाढते? स्वच्छ कागदी फिल्टर आणि डबा मिळून पूर्ण थ्रॉटललाही जो अडथळा करतात तो वातावरणाच्या दाबाच्या एक-दोन टक्क्यांचा. तो सगळा नाहीसा केला तरी कमाई तेवढीच. ॲव्हरेज वाढतं हे तर सोडूनच द्यावं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये तुंबवलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. इंजेक्शनच्या आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही, फक्त वेग घ्यायला त्या जास्त वेळ लावू लागल्या.

भाचा : तुम्ही कार्ब्युरेटरच्या काळात हेच करत होता. जेट बदलायचात, फिल्टर मोकळा करायचात.

मामा : करत होतो. तेव्हा किती हवा येते ते गाडीला कळत नव्हतं, मला कळायचं. हवा वाढवली की जेट मीच वाढवायचो. तू एक बाजू बदललीस आणि दुसरी संगणकावर सोडलीस.

भाचा : पण घाटात तरी फरक पडतो. खंडाळ्यापर्यंत पाच-सहा टक्के हवा विरळ होते. तिथे मोकळा श्वास मिळाला तर बरंच ना?

मामा : हवाच विरळ झाली तर रुंद पाइपाने दाट होत नाही. घाट चढवायला रेल्वेने काय केलं? 1863 पासून हा घाट चालू आहे, 37 ला 1 चा चढ. आजही कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात आणि ढकलतात. ढकलायचं असेल तर टर्बो घे. नुसती नळी मोठी करून कुणी ढकलत नाही.

भाच्याने स्कॅनरवर दुसरा आकडा काढला. आत येणाऱ्या हवेचं तापमान. बाहेर 38 अंश, बोनेटखाली उभ्या गाडीत 63.

मामा : हे बघ. डबा असता तर ग्रिलमागच्या नाकाडातून बाहेरची हवा आली असती. तू इंजिनाच्या उबेतली पितोस. रविवारी कर्जतच्या चारफाट्यावर कोंडीत अर्धा तास उभा राहा, मग सांग पिकअप.

हे गणित सोपं आहे. 38 वरून 63 अंश म्हणजे निरपेक्ष मापात 311 वरून 336, हवा जवळजवळ साडेसात टक्क्यांनी विरळ. फिल्टरने मिळवून दिलेले एक-दोन टक्के इथे व्याजासकट परत जातात. भाच्याचं म्हणणं असं की गाडी पळायला लागली की तापमान भराभर उतरतं, आणि तेही खरं आहे. पण डोंबिवलीहून बदलापूर, नेरळमार्गे कर्जतला येणाऱ्या माणसाची गाडी किती वेळ पळत असते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तापमानाचा विषय निघाला तेव्हा मामांना दुसरी गाडी आठवली. तिच्यात तापमानाचा सेन्सर वेगळा होता. नव्या पाइपात त्याला जागा नव्हती म्हणून बसवणाऱ्याने प्लग तसाच लोंबता ठेवला.

मामा : स्कॅनर लावला तर आतली हवा उणे 40 अंश. भिसेगावात. मे महिन्यात! गाडी बिचारी बर्फात उभी असल्यासारखं पेट्रोल ओतत होती. सायलेन्सर काळा.

भाचा : माझ्यात तो सेन्सर तारेबरोबरच आहे. पण गरम हवेचं तुमचं पटलं. पुढच्या महिन्यात पाइप वाढवून फिल्टर खाली बंपरमध्ये नेणार, फॉग लॅम्पच्या मागे. तिथे थंड हवा मिळते.

मामा : पुढचा महिना कुठला?

भाचा : जून.

मामा : जूनमध्ये तू फिल्टर रस्त्यापासून वीतभर उंचीवर नेणार. कर्जतमध्ये. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस ज्या नदीच्या पाण्यात अडकली, ती आधी इथून जाते, माहीत आहे ना? रेल्वे अडकली तिथे तुझी सेडान काय करणार?

भाचा : मी पाण्यात घालणारच नाही.

मामा : समोरून येणारा ट्रक तुला विचारून लाट उडवत नाही.

इथे मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा. पाणी दाबलं जात नाही. 1.6 लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर एका सिलिंडरमध्ये उरणारी जागा जेमतेम 45 मिलिलिटरची असते. पाव वाटी पाणी एका दमात आत गेलं तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारणं सर्वांत वाईट, कारण जे पाणी वाटेत थांबलं होतं तेही मग आत जातं. नेहमीच्या विम्यात असं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आणि गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर वादाला निमित्त मिळतं.

तेल लावलेल्या जाळीवरही दोघांचं वाजलं. तेलाने धूळ धरायची कल्पना मामांना नवी नव्हती. जुन्या ट्रॅक्टर-जीपांत तेलाच्या वाटीचा फिल्टर त्यांनी कितीदा धुतलाय. पण तिथे पुढे नाजूक तार नव्हती. जाळी धुऊन पुन्हा तेल लावताना हात सढळ झाला तर जादा तेल उडून तारेवर बसतं, त्यावर धूळ, आणि तार कमी मोजू लागते. भाचा तेल मोजूनच लावतो म्हणाला. मामांनी वीटभट्टीवरून येणाऱ्या रस्त्याकडे बोट केलं आणि म्हणाले, कागद जेवढी बारीक धूळ धरतो तेवढी तुझी जाळी धरते का ते आधी सांग. फिल्टर किती धूळ धरतो याच्या चाचणीला आयएसओ 5011 हे मानक आहे. किटच्या खोक्यावर त्याचा आकडा नव्हता. अश्वशक्तीचा होता.

भाचा : म्हणजे काढूनच टाकू?

मामा : आता तू विचारतोस? सकाळी मी तेच सांगत होतो.

भाचा : सकाळी कारण नव्हतं. आता दोन आहेत, त्यातलं एक दुरुस्त झालं. दुसरं अजून नक्की नाही. जुनी नळी 60 ची असेल हा माझा अंदाज आहे.

मामा : मग रविवारी डबा घेऊन ये. आधी नळीला व्हर्निअर लावू. मग डबा लावून खोपोलीपर्यंत, घाटात खंडाळ्याला आणि परत. त्यानंतर तुझा पाइप लावून तोच रस्ता. ट्रिम आणि आतल्या हवेचं तापमान, दोन्ही लिहून ठेव. कागदावर, मोबाइलमध्ये नाही.

भाचा : एकाच वेळेला निघायला हवं, नाहीतर उन्हाचा फरक येईल. दोन रविवार लागतील.

मामा : लागू देत. पण पावसाच्या आत.

भाचा : आणि फरक दोन टक्क्यांच्या आत आला तर पाइप राहील.

मामा : बंपरमध्ये नाही.

भाचा : बंपरमध्ये नाही. पण मूळ डब्याचं ग्रिलकडचं नाकाड कापून या फिल्टरला पत्र्याची पेटी केली तर?

मामा : नाकाड कापू नकोस, भंगारात दुसरं मिळतं. पत्रा माझ्याकडे आहे. रबर किती आणलंस, मीटर की अर्धा?